जुन्या जीप-पिकअपचं इंजिन: उघडावं की बदलावं, आणि उघडलंच तर कसं

काकांची पिकअप इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीत सुरू झाली की समोरच्या काकू दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. सायलेन्सरमधून निळा धूर, दर शंभर किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल, आणि सांवेरहून बटाट्याची पोती भरून येताना चढावर दुसऱ्या गिअरचं रडगाणं. एका मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच निकाल दिला, "साहब, पेट्रोल निकालो, डीजल डाल दो." दुसरा म्हणाला, "पूरा इंजन खुलेगा." दोघांनीही गाडीला गेज लावलं नव्हतं.

गाडी महिंद्राची, 1969 ची. इंजिन चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल, 2199 सीसी. अशा गाड्या माळव्यात अजून बऱ्याच गोठ्यांच्या मागे उभ्या आहेत. त्यातली एखादी तुमच्याकडे असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर मी हे काम कसं केलं आणि कुठे माती खाल्ली ते सविस्तर सांगतो. तुमची गाडी नाक नसलेली एफसी-150 असेल तर इंजिन केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली असतं. तिचं इंजिन काढण्याचं तंत्र वेगळं आहे, आतलं काम मात्र हेच.

आधी तपासणी, मग पाना

या इंजिनाची एक गंमत माहीत असली तर निम्मा खर्च वाचू शकतो. याचे इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या गोल भोकात चालतो त्याच्या शेजारी. जळतो तो बहुतेक वेळा एक्झॉस्टचा वॉल्व्ह. तेवढंच दुखणं असेल तर हेड काढून, बाजूचं टॅपेट कव्हर उघडून, इंजिन गाडीतच ठेवून काम होतं.

म्हणून पहिला दिवस सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारून चारही सिलिंडरचे आकडे लिहा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. चारांत 10 पाउंडांपेक्षा जास्त फरक नसावा. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून मोठा चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर गेलेत. ढिम्म हलला नाही तर वॉल्व्हकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधोमध फुटलंय.

मग ऑइल प्रेशर. गरम इंजिनात 2000 फेऱ्यांना 35 पाउंडांच्या आसपास काटा हवा. डॅशबोर्डवरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, पन्नास वर्षं तो एकाच जागी बसलाय. ब्लॉकला यांत्रिक गेज लावून बघा. काकांच्या गाडीचे आकडे असे होते: 105, 70, 75, 100. मधल्या दोघांत ऑइल टाकल्यावर 95 च्या पुढे गेले. गरम झाल्यावर प्रेशर 12 पाउंड. म्हणजे बोअरही गेलेले आणि क्रँकची बेअरिंगंही. इंजिन उघडायचं ठरलं, पण आता ते आकड्यांवरून ठरलं होतं.

डिझेल टाकायचं का?

मोह मोठा आहे. महिंद्रानं स्वतःच पुढे जीपमध्ये प्यूजोच्या परवान्यावरचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन घातलं, त्यामुळे जुन्या पेट्रोल जीपमध्ये ते, किंवा इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं, किंवा मॅटाडोरचं इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. शेतीच्या कामासाठी रोज जुंपायची असेल तर त्यात चूक नाही. पण डिझेलचं वजन जास्त, पुढचे पाटे बसतात, माउंटिंग कापून वेल्डिंग करावं लागतं, रेडिएटर पुरत नाही. आणि एकदा चेसिसला गॅस कटर लागला की माघार नाही.

कागदाचा भाग त्याहून नाजूक. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे इंजिन बदलाची नोंद आरसीत करावीच लागते, आणि ते आरटीओला आधी विचारून. शिवाय 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, खासगी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए. या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरतीच. बटाटे आणायला हे कामाचं नाही, हे मी काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आपली आहे तीच एमपी 09 बरी." पण उद्या नातवाला हौस आली तर दार उघडं राहावं म्हणून मूळ इंजिनच राखायचं ठरलं.

इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून आरसीशी ताडून बघा आणि हे अगदी पहिल्या दिवशी करा. ब्लॉकच टाकाऊ निघाला आणि दुसऱ्या जीपचा आणावा लागला, तर त्या ब्लॉकचे कागद घेऊनच आणा. जुना नंबर घासून नवा ठोकून देणारे भेटतील. तो गुन्हा आहे, आणि फिटनेसच्या वेळी हमखास पकडला जातो.

बाहेर काढणं

कडुनिंबाच्या फांदीला चेन ब्लॉक टांगून इंजिन काढल्याच्या कहाण्या प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात. फांदी मोडल्याच्या कहाण्या कोणी सांगत नाही. एक टनाचा चेन ब्लॉक आणि लोखंडी तिकाटणं भाड्यानं आणा. खाली पक्की फरशी हवी. काळ्या मातीवर पावसाळ्यात तिकाटण्याचा एक पाय रुतला तर पाऊण तासाचं काम जिवावर बेततं.

चार दिवस आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट आणि सायलेन्सरचा जोड गंजनाशकानं रोज सकाळ-संध्याकाळ भिजवत ठेवा. हे नट तुटले तर ब्लॉकमधले स्टड ड्रिल करून काढावे लागतात. मग बॅटरी काढा, पाणी आणि ऑइल सोडा, बॉनेट आणि रेडिएटर उतरवा. पेट्रोलची नळी सोडवून लगेच बोल्ट घालून बंद करा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा आणि फोनवर फोटोही काढा. दोन्हीपैकी एकच केलंत तर तेच नेमकं हरवतं.

गिअरबॉक्स गाडीतच राहू द्या. त्याच्याखाली जॅक लावा, बेल हाउसिंगचे बोल्ट सोडवा, पुढची दोन रबरी माउंटिंगं मोकळी करा आणि इंजिन आधी सरळ पुढे ओढा. क्लच शाफ्ट प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत वर उचलायचं नाही, नाहीतर क्लच प्लेट वाकते.

हेड आणि लपलेला बोल्ट

आता ती जागा, जिथे नवखा माणूस हेड फोडतो. या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही. तो हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. हेडचे सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही. माणूस पहार घालतो, हातोडा घेतो. खरं कारण असं की एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, हवेच्या मार्गाच्या आत आहे. कार्बोरेटर काढा, टॉर्च मारा, काजळीत बुडालेलं त्याचं डोकं दिसेल. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या हेडच्या कडेला पहारीचे तीन घाव होते. कोणीतरी आपल्या आधी तिथवर पोचला होता.

हेड निघाल्यावर पुशरॉड एका पुठ्ठ्यात भोकं पाडून क्रमानं खोचा. टॅपेट बाजूच्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या लॉक काढताना खाली चेंबरकडे, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे जाणाऱ्या भोकांत फडकी कोंबा. त्या बारीक चंद्रकोरी आत पडल्या तर चेंबर काढेपर्यंत सापडत नाहीत. कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या टोप्यांवर नंबर नसतील तर सेंटर पंचनं ठिपके मारा: एक, दोन, तीन, चार. एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. पिस्टन वरून ढकलायच्या आधी बोअरच्या तोंडाशी झालेली धार रिमरनं काढा, नाहीतर पिस्टन तिथे अडकून फुटतो.

मोजमापाची वही

मूळ बोअर 3.125 इंच. बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर आडवा-उभा, असे सहा आकडे घ्या. इंचाचा हजारावा भाग, ज्याला गॅरेजात थाऊ म्हणतात, त्याच्या हिशेबात लिहा. आमच्या दुसऱ्या सिलिंडरला वरून खाली नऊ थाऊ उतार होता. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा निळा धूर. क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगवर फिरणारे त्याचे गोल भाग, तीनच आहेत, चार सिलिंडरला तीन, म्हणून मधल्यावर ओढ जास्त येते. तिथे नखाला लागेल अशी रेघ असली तर ग्राइंडिंग करावंच लागेल.

ब्लॉकमध्ये सर्वात जास्त तपासायची जागा म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामधली पातळ भिंत. इंजिन तापून उकळलेलं असेल तर तडा तिथेच जातो. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. लाल डाय मारून, ती पुसून पांढरा डेव्हलपर फवारला की लाल रेघ उमटते. तडा निघाला तर पैसे बोरिंगवर घालू नका, दुसरा ब्लॉक शोधा.

बोरिंगवाल्याकडे

नियम एकच: आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक बोरिंगला द्या. "वीस साइज कर दो", म्हणजे मूळ मापाहून वीस थाऊ मोठं कर, म्हणून ब्लॉक दिला आणि बाजारात तीसचेच पिस्टन मिळाले की तुम्ही अडकलात. आम्हाला छोट्या ग्वालटोलीत अख्खा दिवस फिरून तीसचा सेट मिळाला, तोच ब्लॉकबरोबर दिला. खरादवाला प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्याप्रमाणे बोअर करतो. कोणता पिस्टन कुठल्या बोअरचा हे माथ्यावर मार्करनं लिहून घ्या.

होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडानं घासून झाल्यावर, त्यावर जाळीसारख्या तिरक्या रेघा दिसायला हव्यात. आरशासारखा चकचकीत बोअर म्हणजे छान काम, हा गैरसमज आहे. त्या रेघांतच ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. क्रँक ग्राइंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला सांगा. तिथे चौकोनी खाच राहिली तर क्रँक तिथूनच तुटतो. रॉडचा सरळपणा, हेडचं फेसिंग, वॉल्व्ह सीटचं ग्राइंडिंग, वॉल्व्ह गाइड हे सगळं त्याच फेरीत करून घ्या.

धुणं

यावर मी सर्वात जास्त लिहिणार, कारण माझी मोठी चूक इथलीच. आधीच्या एका जीपचा ब्लॉक बोरिंगहून आणला, फडक्यानं पुसला, हवा मारली आणि जोडला. तीनशे किलोमीटरवर बायपासला टकटक सुरू झाली. चेंबर काढला तर नव्या बेअरिंगवर राखाडी रेघांची जाळी, आणि तळाशी बोटांना खरखरीत लागणारी करडी भुकटी. होनिंगच्या दगडाची ती भुकटी ऑइलच्या वाटांत बसली होती. दोष बोरिंगवाल्याचा नव्हता. धुणं जोडणाऱ्याचं काम आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

म्हणून ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे सगळे प्लग काढा. क्रँकमधल्या भोकांतही ब्रश घाला. बाटली धुवायचे बारीक लांब ब्रश सियागंजात मिळतात, दोन-तीन मापांचे आणा. कडकडीत गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. पेट्रोल किंवा डिझेलनं ही भुकटी निघत नाही, ती फक्त जागा बदलते. दोन-तीन वेळा धुवा, हवेनं सुकवा आणि लगेच बोअरला ऑइल चोळा, नाहीतर दहा मिनिटांत तांबूस गंज येतो. शेवटी जुनं पांढरं धोतर किंवा बनियन ऑइलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवा. कापड करडं निघालं की पुन्हा धुवायचं. आम्ही चार वेळा धुतलं. काकूंनी घरातून विचारलं, "अरे, ही मूर्ती आहे का रे, एवढा अभिषेक चाललाय तो?"

जोडणी

मेन बेअरिंग बसवून क्रँक ठेवा. प्लास्टीगेजचा धागा जर्नलवर ठेवून टोप्या टॉर्क करा, पुन्हा काढा आणि चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून बघा. एक ते अडीच थाऊ फट चांगली. या वेळी क्रँक फिरवायचा नाही. मागचं सील जुन्या इंजिनात दोरीचं असतं: ते ऑइलमध्ये भिजवून खोबणीत गोल लाकडानं दाबून बसवा आणि वर आलेली टोकं ब्लेडनं सपाट कापा.

क्रँकची पुढे-मागे हालचाल चार ते सहा थाऊ हवी. पुढच्या बाजूच्या शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, ती साधतात. मेनचे बोल्ट 65 ते 75 फूट-पाउंड, रॉडचे 35 ते 45, हेडचे 60 ते 70. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, "हाताचा अंदाज" म्हणणाऱ्या उस्तादाला चहा पाजा आणि बाजूला बसवा.

रिंग आधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजा. दहा-बारा थाऊच्या आसपास. कमी असेल तर बारीक कानस मारा, नाहीतर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअर खरवडला जातो. याच्या पिस्टन पिना रॉडमध्ये बोल्टनं आवळून धरलेल्या असतात. तो बोल्ट विसरलात तर पिन सरकून बोअरला उभी खाच पाडते.

टायमिंगला चेन नाही, दोन गरारी एकमेकींना भिडतात. दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर आणा. खरी मेख पुढे आहे: डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो, त्यामुळे ऑइल पंप एक दात चुकीचा बसला की डेल्कोही चुकतो. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून पंप बसवा, रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे आला का बघा, नाहीतर पंप काढून पुन्हा. मी तीन वेळा काढला. फायरिंगचा क्रम 1-3-4-2.

हेड ठेवताना तो लपलेला बोल्ट आधी, कार्बोरेटर नंतर. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळा. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनटेक 18 थाऊ, एक्झॉस्ट 16. डेल्कोतल्या पॉइंटची फट 20 थाऊ, प्लगची 30, टायमिंग वरच्या टोकाआधी 5 अंश.

क्लच बसवताना क्रँकच्या मागच्या टोकातला पायलट बुश नवा घाला. प्लेट मध्यावर आणायला जुना क्लच शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर सुताराकडून लाकडी दांडका करून घ्या.

पहिला स्टार्ट

पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदला. जुना रबर आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये मऊ पडतो, आणि गळकी नळी गरम एक्झॉस्टवर गळते. कामाच्या वेळी शेजारी वाळूची बादली ठेवा.

ऑइल 20डब्ल्यू-40 भरा, प्लग काढूनच सेल्फ फिरवा आणि प्रेशरचा काटा उठेपर्यंत थांबा. काटा उठला नाही तर प्लग लावायचे नाहीत. ऑइल पंप उघडा, पेट्रोलियम जेली भरा, पुन्हा करा. काकांचं इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. लागल्यावर पहिली वीस मिनिटं आयडलिंगला सोडू नका, थोड्या चढ्या फेऱ्यांवर ठेवा, विशेषतः कॅम किंवा टॅपेट नवे असतील तर. पाणी, ऑइल आणि प्रेशर यांवर तीन माणसं ठेवली तर बरं. मग थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासा.

पहिले पाचशे किलोमीटर भार नको, आणि एकाच वेगानं लांब पळवणंही नको. देवास नाक्यापर्यंत जाऊन या, वेग वरखाली करत. भेरूघाट चढायचा मोह आवरा. पाचशेला ऑइल बदला, आणि जुनं ऑइल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात सोडून उन्हात बघा. बारीक चमकी दिसली तर ती रिंगांची आहे, चालेल. तुकडे किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर पुन्हा चेंबर काढा.

दोरीच्या सीलमधून रात्रभरात चार-पाच थेंब पडतात. काका आता पिकअपखाली जुनी परात ठेवतात, आणि सकाळी थेंब मोजून मला फोन करतात.